‘चंदू चॅम्पियन’: युद्ध संपल्यानंतरची लढाई

‘चंदू चॅम्पियन’ (2024) हा कबीर खान दिग्दर्शित हिंदी चित्रपट ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरातील मुरलीकांत पेटकर या जवानाच्या आयुष्यावर आहे. मुख्य भूमिका कार्तिक आर्यनची.

पेटकर सैन्यात बॉक्सिंग करत. 1965च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचारांचा भाग म्हणून पोहणे सुरू झाले आणि 1972मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक मिळाले. पॅरालिम्पिकमधले भारताचे हे पहिले सुवर्ण.

चित्रपटात रणांगण थोडेच आहे. त्याचा खरा विषय सुरू होतो तो इस्पितळात: बॉक्सरला पाय हलवता येत नाहीत, म्हणजे आता तो कोण? हा प्रश्न मात्र चित्रपट घाईने ओलांडतो. त्याला पदकाकडे धावायचे असते.

कथेची चौकट जास्त बोलकी आहे. म्हातारा मुरलीकांत अर्जुन पुरस्कार न मिळाल्याची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात येतो! प्रत्यक्षात पद्मश्री 2018मध्ये मिळाली, म्हणजे पदकानंतर 46 वर्षांनी.

घरी परतलेल्या सैनिकांच्या अवघडलेपणावर विल्यम वायलरचा ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’ (1946) अधिक रेंगाळतो. त्यात दोन्ही हात गमावलेला नौसैनिक साकारणारा हॅरॉल्ड रसेल खरोखरच लष्करी प्रशिक्षणात हात गमावलेला होता. एकाच भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाले.

चित्रपटांबाहेर, मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला पुनर्वसन केंद्र आहे.