पाठीवरचा हिशोब

डिसेंबरातली रात्र. रतनगडावरच्या गुहेत आम्ही चौघे पथाऱ्या पसरून झोपलो होतो. माझी स्लीपिंग बॅग चांगली जाडजूड होती. वजन वाचवायचं म्हणून कॅरीमॅट मात्र घरीच ठेवली होती. दोनच्या सुमारास जाग आली. पोट ऊबदार, पण पाठ गारठलेली. शेजारचा मित्र जुन्या, पातळ बॅगेत, पण मॅटवर, गाढ झोपला होता. पहाटेपर्यंत मी गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिलो.

तेव्हापासून सॅक भरायला बसलो की मी आधी वस्तूंची यादी करत नाही. पुढचे पाच दिवस शरीर काय काय गमावणार आहे, ते लिहून काढतो: उष्णता, पाणी, ऊर्जा आणि अंधारात वाट. यातलं काहीतरी भरून काढणारी वस्तूच सॅकमध्ये जाते. रतनवाडीहून रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड असा रमतगमत पाच दिवसांचा रेंज ट्रेक धरू. वाटेत वीज, दुकान किंवा मोबाइलची रेंज मिळेलच, असा भरवसा नाही.

ऊब जाते कुठे?

झोपलेल्या माणसाचं शरीर साधारण ७० ते ८० वॅट उष्णता बाहेर टाकत असतं. स्लीपिंग बॅग स्वतः ऊब निर्माण करत नाही. तिच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते आणि ती ही उष्णता निसटू देत नाही. अंगाखाली मात्र बॅग चेपते, हवा निघून जाते आणि पाठीची ऊब थेट कातळात उतरते. कॅरीमॅटच्या फोममधले बंद कप्पे वजनाखाली सहज चेपत नाहीत. म्हणून जेमतेम ३००-४०० ग्रॅमची ती गुंडाळी कधीकधी महागड्या बॅगेपेक्षा जास्त कामाला येते.

दुसरा शत्रू म्हणजे ओल. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय घामाने भिजलेला शर्ट अंगावर वाळतो, तेव्हा त्यातलं १०० ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २४० किलोज्यूल उष्णता घेतं, आणि त्यातली बरीचशी शरीरातूनच जाते. म्हणून चालताना जीन्स नको आणि झोपण्यासाठी कपड्यांचा एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा बाष्प शोषूनही हाताला ओला लागत नाही. सह्याद्रीतल्या गुराख्याच्या खांद्यावरची घोंगडी पिढ्यानपिढ्या टिकली, त्यामागे हेही एक कारण आहे.

पाणी आणि इंधन: एकच गणित

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझं. दिवसभर चढउतार असेल तर पिण्यासाठीच माणशी चार लिटर लागतं. पाच दिवसांचं पाणी पाठीवर नेणं अशक्यच. ते वाटेतल्या ओढ्यांतून, झऱ्यांतून आणि गडावरच्या खोदीव टाक्यांतून घ्यायचं, म्हणजे शुद्ध करूनच प्यायचं.

उकळणं सगळ्यांत खात्रीचं. हरिश्चंद्रगडाची उंची सुमारे १,४२४ मीटर, त्यामुळे तिथे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. पण खळखळून एक मिनिट उकळलं तर रोगजंतू मरायला तेवढं तापमान पुरतं. अडचण इंधनाची आहे. १५ अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. गॅसच्या एका ग्रॅममध्ये ४६ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. वाऱ्यावर निम्मी वाया गेली असं धरलं, तर लिटरमागे १५ ग्रॅम. म्हणजे २३० ग्रॅमचा कार्ट्रिज साधारण १५ लिटर पाणी उकळेल. दोघांचा चहा आणि जेवण दिवसाला तीन लिटरांत बसवलं, तर पाच दिवसांत तो संपला. पिण्याचं पाणीही त्याच्यावरच उकळायचं म्हटलं, तर दुसऱ्या दिवशीच हात चोळत बसावं लागेल.

म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी वेगळी सोय हवी. ०.१ मायक्रॉनची गाळणी जिवाणू आणि आदिजीव अडवते, पण विषाणू त्यातून निसटतात. क्लोरीनची गोळी अर्ध्या तासात विषाणू आणि जिवाणू मारते, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा आदिजीव तिला दाद देत नाही. एकीची उणीव दुसरी भरून काढते, म्हणून दोन्ही न्याव्यात; दोन्ही मिळून वजन किरकोळच होतं. गाळणी लवकर तुंबू नये म्हणून पाणी आधी जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून घालावं. रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात अशा साडीतून पाणी गाळायला लावलं, तेव्हा पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. हे संशोधन २००३ साली प्रसिद्ध झालं.

इंधन वाचवायचे घरगुती उपायही आहेत. मुगाची डाळ सकाळीच डब्यात भिजत घालून सॅकमध्ये ठेवली, की संध्याकाळी खिचडी लवकर शिजते. पातेल्यावर झाकण ठेवा, वाऱ्याच्या बाजूला दगडांचा आडोसा करा; मात्र कार्ट्रिजला चहूबाजूंनी वेढू नका, तो तापणं धोक्याचं असतं. हा सगळा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वाळल्या गवतात चूल पेटवून वणव्याला आमंत्रण देऊ नये.

शिदोरी आणि वीज

स्निग्धांशाच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थांतून ४. म्हणून शेंगदाण्याची चिक्की, तुपातले बेसनाचे लाडू आणि सुकं खोबरं ही वजनाच्या मानाने उत्तम शिदोरी. दिवसाला ३,००० कॅलरी धरल्या, तर मिश्र आहारात माणशी ६५०-७०० ग्रॅम पुरतात.

विजेचं गणितही असंच. १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३७ वॅट-तास. ५,००० एमएएचच्या फोनला एका चार्जसाठी सुमारे १९ वॅट-तास लागतात, पण रूपांतरात तिसरा हिस्सा वाया जातो. म्हणजे हाती सव्वा-दीड चार्ज. रेंज शोधण्यात फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून तो एअरप्लेन मोडवर ठेवावा. जीपीएस उपग्रहाचे संदेश फक्त ऐकतं, त्याला मोबाइलचं जाळं लागत नाही. नकाशे मात्र घरूनच उतरवून घ्यायला हवेत. पाच दिवसांसाठी सौर पॅनेल नेणं परवडत नाही, कारण आपण झाडीतून चालत असतो. एकाच जागी दहा-बारा दिवस तळ असेल तर गोष्ट वेगळी. परदेशी संकेतस्थळं सुचवतात ते उपग्रह-संदेशक मात्र भारतात परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. म्हणून आपली वाट आणि परतीची तारीख घरी लिहून द्यावी.

अंधारात हेडलॅम्प आणि चेन लागणारा तंबू ही मुख्यतः सापांपासूनची काळजी. मण्यार रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश झालाच तर आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नयेत. प्रतिविष दवाखान्यातच मिळतं. म्हणून प्रत्येक मुक्कामावरून सगळ्यांत जवळचं गाव कोणत्या वाटेने गाठता येईल, हे आधीच ठाऊक हवं.

शेवटची बेरीज

जेवण साडेतीन किलो, पाणी तीन, बॅग आणि मॅट पावणेदोन, तंबूतला वाटा सव्वा, कपडे दीड, सॅक दीड, बाकीचं दीड. बेरीज १४ किलो, म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा. आता बुटांकडे पाहा. सोल आणि गोल्डमन यांनी १९६९ साली दाखवून दिलं, की पायांवरचं वजन चालताना धडावरच्या तेवढ्याच वजनाच्या चार ते सहा पट ऊर्जा खातं. सह्याद्रीत ट्रेकर जड बुटांऐवजी हलके, कातळावर पकड घेणारे बूट पसंत करतात, त्याला हा भक्कम आधार आहे.

कुमशेतजवळ एकदा एक गुराखी भेटला. खांद्यावर घोंगडी, कमरेच्या आकडीत कोयता, फडक्यात भाकरी. मी विचारलं, "मामा, पुढं पाणी कुठं?" त्याने हात करून दाखवलं, "त्या आंब्याखाली झरा हाय, होळीपातुर आटत न्हाई." मी पाठीवरून वाहत आणलेलं दोन लिटर पाणी तिथेच झाडाच्या मुळाशी ओतलं. १४ चे १२ किलो झाले. पुढच्या खिंडीचा चढ त्या दिवशी खरोखरच सोपा गेला, आणि ओंजळभर पाणी प्यायला आम्ही त्या आंब्याखाली थांबलो.