बांधलेल्या रुमालातील एक कागद

ताप्तीच्या खोऱ्यातून जळगावकडे जाणारा लोहमार्ग जेथून निघतो, त्या उधन्यात खानदेशातील असंख्य कुटुंबे यंत्रमागांच्या आश्रयाने स्थिरावली. आणि ज्या कापडधंद्यावर त्यांचा चरितार्थ चालतो, त्यातील नक्षीचे नमुने व हिशेबाचे तक्ते संगणकात जाऊ लागल्यावर शेकडो फाइली एका झिप गठ्ठ्यात दाबून ठेवण्याची रीतही रूढ झाली. परंतु एकाच नमुन्यात फेरफार झाला, तर सारा गठ्ठा पुन्हा बांधावा काय?

बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये प्रचारात आणलेल्या झिप रचनेत प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबलेली असते, आणि गठ्ठ्याच्या अखेरीस प्रत्येकीचे नाव, तारीख व ठिकाण सांगणारी फेरिस्त असते. त्यामुळे पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालातून एखादा कागद काढावा, तसा गठ्ठ्यातील एकच घटक बदलता येतो. आज्ञेच्या ओळीत ‘झिप’ लिहून पुढे आडवी रेघ व ‘यू’ हे अक्षर, मग गठ्ठ्याचे आणि फाइलींचे नाव दिले, की गठ्ठ्यातील प्रतीपेक्षा ज्यांची तारीख अलीकडची आहे त्या फाइली बदलल्या जातात आणि नव्या आत येतात. ‘यू’ऐवजी ‘एफ’ दिल्यास केवळ जुन्याच ताज्या होतात. मूळ गठ्ठ्यावर खाडाखोड होत नाही: शेजारी तात्पुरती प्रत तयार होते, न बदललेल्या फाइली पुन्हा न दाबता जशाच्या तशा तीत उतरतात, आणि काम पुरे झाल्यावरच ती जुन्याची जागा घेते. म्हणून डिस्कवर दोन्ही प्रतींपुरती जागा मोकळी हवी.

लिनक्सवर प्रचलित असलेल्या ‘टार’चा गठ्ठा मात्र आधी एकसंध होतो व मग ‘जीझिप’ने सबंध दाबला जातो, तो उलगडल्यावाचून त्यातील एकही फाइल बदलता येत नाही.

सारा निवाडा तारखेवर असल्यामुळे संगणकाचे घड्याळ चुकीचे असेल तर नवी फाइल जुनी ठरून मागे राहते, आणि फोल्डरमधून काढून टाकलेली फाइल ‘यू’मुळे गठ्ठ्यातून जात नाही, तिच्यासाठी ‘डी’ची आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. ‘यू’च्या ओळीत मोठा ‘टी’ही जोडावा. मग तयार झालेल्या नव्या प्रतीची तपासणी होते, आणि तीत दोष आढळल्यास जुना गठ्ठा अबाधित राहतो.