नांदीची पट्टी, तबकडीचा वेग

योहान स्ट्राउसचं 'डी फ्लेडरमाउस' हे संगीतनाटक ५ एप्रिल १८७४ रोजी व्हिएन्नात रंगभूमीवर आलं. पडदा वर जाण्याआधी वाद्यवृंद पुढच्या खेळातल्याच चालींची झलक ऐकवतो. त्या वादनाची लय आणि पट्टी संगीतकाराने कागदावरच नोंदलेली आहे: लय द्रुत, पट्टी ए मेजर, म्हणजे आपली पांढरी सहा. कोणीही कुठेही वाजवावं, सुरुवात तिथूनच.

त्यानंतर सहा वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले. सुरुवात नांदीने झाली. ती कोणत्या पट्टीत म्हटली गेली, लय किती होती, याचा उल्लेख नाटकाच्या पुस्तकात मिळत नाही. किर्लोस्करी वळणाच्या पुस्तकांत पदावर राग, ताल आणि चाल छापतात. पट्टी छापत नाहीत. आपल्या संगीतात ते स्वाभाविकच आहे. राग कुठल्याही षड्जावर उभा राहतो. गायकाचा गळा जिथे खुलतो ती त्याची पट्टी. त्यामुळे आपल्या नांदीची आणि पदांची खरी पट्टी, खरी लय शोधायची तर पुरावा उरतो तो ध्वनिमुद्रणाचाच. मला वाटतं, या पुराव्याकडे आपण फार भाबडेपणाने पाहत आलो आहोत.

आधी चालीबद्दल, कारण ती आमच्या मराठी-कन्नड सीमाभागाची गोष्ट आहे. किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या पदांमागे साकी, दिंडी, लावणी आहेत, तशा कन्नड चालीही आहेत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेही कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ तिथे झाल्यानंतर. कोहिनूर, बसवकल्याण, भालकी, आळंद या पट्ट्यात घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्याला यात नवल वाटत नाही. बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याण राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने ११२९च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रात बायका कांडताना ओव्या गातात अशी नोंद आहे, आणि त्याचा मुलगा जगदेकमल्ल याने 'संगीतचूडामणी' लिहिला. कानडी राजदरबारात मराठी ओवीची दखल घेतली गेली होती. पुढे साडेसातशे वर्षांनी मराठी नाटकात कानडी चाली आल्या.

आता तबकडी. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जानचा आवाज मुद्रित झाला आणि काही वर्षांतच नाटकातले गायक भोंग्यासमोर उभे राहू लागले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. रंगमंचावर 'वन्स मोअर' घेत लांबणारं पद तेवढ्यात बसवायचं, म्हणजे आलाप छाटायचे, अंतरा लगेच उचलायचा आणि लय किंचित चढी ठेवायची. १९२५च्या सुमारास मायक्रोफोन येईपर्यंत गायक आणि साथीदार एकाच भोंग्याभोवती दाटीवाटीने बसत. तबला मुद्दाम लांब ठेवला जाई. म्हणून त्या मुद्रणांत ठेका अंधुक वाटतो.

त्याहून मोठी भानगड वेगाची. 'अठ्ठ्याहत्तरची तबकडी' हे नाव नंतर रूढ झालं. सुरुवातीच्या काळात मुद्रणाचा वेग मिनिटाला सत्तर फेऱ्यांपासून ऐंशीच्या पुढेही असे. समजा, ७४ फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी आपण ७८वर लावली. सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो, म्हणजे काळी एकचा गायक पांढरी दोनजवळ जातो. दोनशे सेकंदांचं पद दहा सेकंद आधी संपतं. लय चढते, तान जास्त चपळ वाटते आणि गळा बारीक होतो. पुरुषाने स्त्रीभूमिकेत गायलेलं पद असेल तर ही फसगत दुप्पट होते, कारण तो बारीकपणा आपण अभिनयाच्या खात्यावर जमा करतो.

उलगडा करायला काही खुणा आहेत. साथीला पेटी किंवा ऑर्गन असेल तर त्याचे सूर कान देऊन ऐकावेत. दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी ते लोंबकळत असतील तर वेग चुकला असण्याचा संशय घ्यावा. जुन्या पेट्या वेगवेगळ्या लावलेल्या असत, त्यामुळे हा शेवटचा निकाल नव्हे. काही तबकड्यांच्या शेवटी गायक स्वतःचं नाव सांगतो; ते बोलणं माणसाचं वाटेपर्यंत वेग कमी-जास्त करून पाहावा. गाण्यापेक्षा बोलण्यातली विकृती लवकर कळते.

मूड, म्हणजे पदाचा भाव, वेगाला जोडूनच येतो. 'स्वयंवर' नाटक १९१६चं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. त्यातल्या बालगंधर्वांच्या यमनाला जी ऐसपैस शांतता आहे, ती वेग थोडा वाढताच लगबगीची होते. नांदीचं तसंच. ती स्तवन आहे. स्ट्राउसच्या वाद्यवृंदासारखी पुढच्या चालींची चुणूक दाखवणं हे तिचं काम नाही. तिसऱ्या घंटेनंतर ऑर्गनचा सूर भरतो, सूत्रधार आणि मंडळी हात जोडून उभी राहतात, तेव्हा धुमाळीसारखा आठ मात्रांचा ठेकाही धावत नाही, पावलं टाकतो. ती पावलं मुद्रणात धावताना ऐकू आली, तर दोष गाणाऱ्यांना देण्याआधी तबकडीचा वेग तपासावा.

आज संगणकावर वेग बदलणं मिनिटाचं काम आहे. जुन्या नाट्यपदांचे नवे संच निघतात, त्यांवर गायक, नाटक, राग लिहितात. मुद्रण कोणत्या वेगाने उतरवलं, षड्ज कुठे धरला, हेही लिहिलं पाहिजे. आणि ज्यांना दोन्ही भाषा येतात अशा आमच्या भागातल्या जाणकारांनी कन्नड कंपनी नाटकांच्या तबकड्या याच रीतीने पट्टीवर आणून किर्लोस्करी पदांच्या शेजारी ठेवून ऐकाव्यात. पुस्तकात नुसतंच 'कानडी चाल' छापलेलं पद कोणत्या गाण्यावरून आलं, हे तिथेच सापडण्याची आशा आहे.