वाढत्या वयाची साधने

लहान मुलाच्या कॅलिपरचा खर्च एकदा करून भागत नाही. पायाच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, गुडघ्याशी बिजागरी, चामड्याचे पट्टे आणि खाली बूट अशी या साधनाची साधी रचना असते. मुलाचा पाय लांब होऊ लागला की त्याचा गुडघा बिजागरीच्या वर सरकतो. पट्टा रुततो, चालताना दुखू लागते आणि अखेरीस साधन माळ्यावर जाते. मोलमजुरीवर चालणारे कुटुंब पहिले कॅलिपर कसेबसे मिळविते. खरी अडचण उभी राहते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी.

अपंगांना साधने व उपकरणे मिळावीत म्हणून भारत सरकारने १९८१ साली साहाय्याची योजना सुरू केली. कृत्रिम अवयव तयार करणारे सरकारी महामंडळ कानपूर येथे १९७२ सालीच स्थापन झाले होते. १९७६ पासून तेथे उत्पादन होऊ लागले. योजनेच्या नियमांत एक लहानसे, परंतु मोलाचे कलम आढळते. तेच साहाय्य पुन्हा मिळण्यासाठी एरवी तीन वर्षे थांबावे लागते. बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एकच वर्षाची आहे. मुले वाढतात, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या ध्यानात होती तर!

शिबिरांना मात्र ही गती नेहमीच साधत नाही. एका शिबिरात मापे घेतली जातात, साधने पुढच्या शिबिरात वाटली जातात. मध्ये बरेच महिने लोटले तर हाती येणारे कॅलिपर पूर्वीच्या पायाचे असते. जयपूरची पद्धत या दृष्टीने निराळी आहे. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेला कृत्रिम पाय १९७५ साली स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती विनामूल्य बसविते. माप घेणे, घडविणे आणि बसविणे ही कामे तेथे एकाच ठिकाणी, बहुधा एकाच भेटीत उरकतात.

श्रवणाचा हिशेब आणखी वेगळा. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी २०१४ च्या सुधारित नियमांनी सहा लाख रुपयांपर्यंतची तरतूद केली. शस्त्रक्रियेनंतर मुलाला बोलणे शिकविण्यासाठी दीर्घकाळ शहराच्या फेऱ्या घालाव्या लागतात आणि त्या दिवशी आईची वा वडिलांची मजुरी बुडते. कानामागच्या यंत्राची तार तुटली तरी ऐकणे थांबते. हमीची मुदत संपल्यावर ती बदलण्याचा खर्च बहुधा कुटुंबावरच येतो.