नदीचा फोटो फसतो कुठे?

सहलीहून परतल्यावर फोटो पाहायला बसावं आणि सगळ्यात जास्त निराशा नदीच्या फोटोनं करावी, हा बहुतेकांचा अनुभव. काठावर वारा असतो, पाण्याचा आवाज असतो, पाय ओले झालेले असतात. फोटोत यातलं काहीच उतरत नाही. उरतात ते तीन आडवे पट्टे. खाली गवत, मध्ये करडं पाणी, वर पांढरं आकाश. कॅमेरा कितीही महागाचा घ्या, पट्टे तीनच!

दोष असतो आपण उभे राहतो त्या जागेचा. आपण काठावर जातो आणि पलीकडच्या काठाकडे तोंड करून बटण दाबतो, म्हणजे नदीला आडवं कापतो. नदी वाहते ती लांबीनं. तेव्हा प्रवाहाच्या वरच्या किंवा खालच्या बाजूला वळा आणि थोडं उंच जा. घाटाची वरची पायरी, पुलाचं टोक, जवळची टेकडी, काहीही चालेल. उंचावरून वळण दिसतं आणि पाहणाऱ्याची नजर त्या वळणावरून आपोआप आत चालत जाते. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी १९४२ साली स्नेक नदीचा फोटो काढला तो असाच. पुढे नागमोडी नदी, मागे टेटन पर्वत. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीची ओळख म्हणून जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यात हा फोटो आहे.

टेटन पर्वत आपल्याकडे नाही, पण वाई आहे. कृष्णाकाठचं ढोल्या गणपतीचं देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. त्याची मागची बाजू माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं, म्हणून. पर्यटक कळसाचा फोटो काढतात आणि ही भिंत राहून जाते. ती भिंत आणि शेजारचं पाणी एकाच चौकटीत आलं, तर देवळाचं नदीशी काय नातं आहे ते न सांगता कळतं. चौकट ठरवताना हाच प्रश्न स्वतःला विचारावा. या जागी पाण्यानं काय केलं आहे आणि ते माझ्या फोटोत दिसतंय का?

चौकट सरळ धरायला हवी, हे सगळे जाणतात. पण नदीच्या बाबतीत एक गंमत आहे. नदी वळत असेल तर पलीकडचा काठ कॅमेरा सरळ असूनही तिरका दिसतो. तो आडवा करायला गेलात की देऊळ कलंडतं. म्हणून काठ पाहू नका, दीपमाळ किंवा भिंत उभी आहे ना ते पाहा.

प्रकाशाबद्दल थोडक्यात. दुपारी पाणी पांढरट चमकतं, म्हणून सूर्योदयानंतरचा पहिला तास उत्तम. चमक घालवण्यासाठी पोलरायझर नावाची काच मिळते. पाण्याकडे साधारण ३७ अंशांच्या तिरप्या कोनातून पाहिलं, तर ती सर्वांत जास्त काम करते आणि तळाचे गोटे दिसू लागतात. मात्र तीच काच प्रतिबिंबही पुसून टाकते. गोटे हवेत की प्रतिबिंब, ते आधी ठरवा.

आता संगणकावरची किंवा मोबाइलवरची डागडुजी. आधी कातरणी लावा. नुसतं आकाश कमी केलं तरी निम्मे फोटो सुधारतात. मग ढगांचा भडकपणा उतरवा, काठावरच्या सावल्या किंचित उजळा. पाणी फार उजळू नका. पाणी आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भागच परत पाठवतं, त्यामुळे प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा गडदच असतं. आकाशापेक्षा त्याचं प्रतिबिंब उजळ झालं की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खोटेपणा जाणवतो. रंगाचंही तसंच. आषाढातली कृष्णा गढूळ तांबूस असते. तिला निळी करणं म्हणजे तिचा पावसाळाच काढून घेणं.

खरा पेच पुढे आहे. काठावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या, तरंगणारी जलपर्णी बोटाच्या एका स्पर्शानं पुसायची सोय आता मोबाइलमध्येच आली आहे. पुसावी का? जर्मन छायाचित्रकार आंद्रेआस गुर्स्की यांनी १९९९ मध्ये ऱ्हाइन नदीच्या फोटोतून पलीकडची औद्योगिक इमारत आणि काठावरची माणसं संगणकावर काढून टाकली. उरले ते हिरवे-करडे आडवे पट्टे. तो फोटो २०११ मध्ये त्रेचाळीस लाख डॉलरच्या वर विकला गेला आणि त्या वेळी जगातला सर्वांत महाग फोटो ठरला. म्हणजे पट्टेसुद्धा विकले जातात, पण ते गुर्स्कींचे असावे लागतात! शिवाय आपण काय काढलं हे त्यांनी लपवलं नाही, आणि तो फोटो कलाकृती म्हणूनच मांडला.

आपल्या फोटोचं तसं नसतं. पानशेत धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, तेव्हाचे पुण्यातले फोटो लोक आजही निरखून पाहतात ते पाणी कुठवर आलं होतं हे कळावं म्हणून. त्यातलं काही कुणी सुंदर दिसावं म्हणून पुसलं असतं तर? जलपर्णी ही नदीत सांडपाणी मिसळत असल्याची खूण आहे. भिंतीवर लावायच्या फोटोतून ती हवी तर काढा, पण खाली तसं लिहा. स्पर्धेला किंवा वर्तमानपत्राला पाठवायच्या फोटोत हात लावू नका. आणि मूळ फोटो तारखेसह वेगळा ठेवा. त्यात घाटाच्या किती पायऱ्या पाण्याबाहेर आहेत, हे पुढे कुणाला तरी मोजायचं असेल.