राउटरला सीरियल पोर्ट कशाला?

जालन्यातल्या एखाद्या बँकेत किंवा सरकारी कचेरीत जुना राउटर दिसला तर त्याची मागची बाजू बघा. इथरनेटच्या चौकोनी खाचांशेजारी स्क्रूनं आवळायचा रुंद पोर्ट असतो, तोच सीरियल पोर्ट. तिथून निघालेल्या जाड केबलच्या दुसऱ्या टोकाला ३४ पिनांचा व्ही.३५ कनेक्टर, तो जातो मोडेमला.

कारण साधं आहे. तांब्याच्या तारेवर इथरनेटची धाव १०० मीटर. जालना ते अंबड पंचवीस-तीस किलोमीटर. मधली तार टेलिफोनवाल्यांची, म्हणून पद्धतही त्यांचीच: एकामागून एक बिट, ठरलेल्या ठोक्यावर. आठ तारांवरून आठ बिट एकदम सोडले तर इतक्या लांब ते मागेपुढे पोचतात. शिवाय आठ जोड्यांचं भाडं कोण भरणार?

खरी गंमत ठोक्याची. एका फोन कॉलचे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएस. असे ३२ कप्पे जोडले की २,०४८ केबीपीएस. हीच ती ई१, आपल्याकडची '२ एमबीची लीज्ड लाइन'. केंद्राच्या २००५ च्या स्वान (स्टेट वाइड एरिया नेटवर्क) योजनेत जिल्ह्यापासून तालुक्यापर्यंत किमान एवढाच वेग धरला होता.

हा ठोका मोडेम देतो, राउटर फक्त पाळतो. लॅबमध्ये दोन राउटर थेट जोडताना पोरं अडकतात ती इथेच! मोडेमच नाही, मग केबलच्या डीसीई टोकाच्या, म्हणजे मोडेमची जागा घेणाऱ्या राउटरवर 'क्लॉक रेट' द्यावाच लागतो. नाहीतर इंटरफेस अप, लाइन प्रोटोकॉल डाउन.

हल्ली फायबरवरून थेट इथरनेटच येतं. (तेही बिटामागून बिटच पाठवतं, बरं का.)