जुन्या ट्रकचे इंजिन ऑइल : रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

दापोली तालुक्यात जांभ्याचे चिरे, आंब्याच्या पेट्या आणि हर्णै बंदरावरची मासळी वाहणाऱ्या गाड्यांमध्ये पंधरा-पंधरा वर्षे चाललेले ट्रक आजही दिसतात. त्यांच्या इंजिनात कोणते ऑइल घालावे याचा निर्णय मात्र बहुधा गाडीच्या माहितीपुस्तिकेऐवजी गॅरेजच्या कट्ट्यावरील चर्चेतून होतो. या चर्चेत अनुभवाचा भाग मोठा असतो आणि तो सगळाच टाकाऊ नसतो. पण त्यात काही समजुती अशा मिसळल्या आहेत की त्यांच्यामुळे इंजिनाचे आयुष्य वाढण्याऐवजी घटते.

यांपैकी सर्वांत रुजलेली समजूत अशी, की गाडी जुनी झाली की ऑइल घट्ट घालावे. तिचा विचार करण्यापूर्वी डब्यावरील आकड्यांचा अर्थ समजून घ्यावा लागतो. ‘१५ डब्ल्यू-४०’ या खुणेतील ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा, आणि त्यापूर्वीचा आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहते ते सांगतो. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन पूर्ण तापल्यावर, तेलाचा दाटपणा किती उरतो ते दर्शवतो. १५ डब्ल्यू वर्गाच्या तेलाची थंडीतील चाचणी उणे २० अंशांना आणि २० डब्ल्यूची उणे १५ अंशांना घेतली जाते. दापोलीची थंडी कोकणात नावाजलेली असली तरी पारा या तापमानांच्या जवळपासही जात नसल्याने या दोहोंतील फरकावर येथे वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. तसेच ‘चाळीस नंबर घट्ट आणि पंधरा-चाळीस पातळ’ हे म्हणणेही तापलेल्या इंजिनापुरते खोटे आहे, कारण १०० अंशांना दोन्ही तेलांचा दाटपणा व्याख्येनेच एका पट्ट्यात, म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत, बसतो. फरक पडतो तो सकाळी स्टार्टर मारताना : एकाच आकड्याचे, म्हणजे चाळीस नंबरचे, तेल थंडपणी अधिक दाट असल्यामुळे ते बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते, आणि इंजिनाची मोठी झीज नेमक्या त्याच काही क्षणांत होते.

घट्ट तेल घातल्यावर ऑइल प्रेशरचा काटा वर चढतो आणि चालकाला समाधान वाटते, परंतु तो काटा तेलाच्या वाटेतील विरोध दाखवतो, बेअरिंगला मिळणारे तेल दाखवत नाही. दाब मर्यादेबाहेर गेला की पंपाजवळची झडप उघडून जादा तेल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, सोडते. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजल्यामुळे इंजिन ऑइल खात असेल, तर गाडी बनवणाऱ्या कंपनीने उष्ण प्रदेशासाठी २० डब्ल्यू-५० ला मुभा दिली असल्यास ते वापरून काही महिने काढता येतात, पण तो उपचार नव्हे, केवळ मुदतवाढ होय. गाडीचे वय पाहून दाटपणा बदलू नये. दर हजार किलोमीटरला किती लिटर वरून घालावे लागले याची नोंद ठेवावी आणि त्या नोंदीवरून ठरवावे.

दुसरी समजूत रंगाविषयीची आहे. नवे ऑइल दोन-चार फेऱ्यांत काळे पडले की ते ‘हलके’ ठरवले जाते. वास्तविक डिझेल जळताना काजळी तयार होतेच, आणि ती पृष्ठभागावर चिकटू न देता स्वतःत तरंगत ठेवणे हे तेलातील विसरक द्रव्यांचे, म्हणजे काजळीचे कण सुटे ठेवणाऱ्या रसायनांचे, कामच आहे. ज्याला काळेपणा येतच नाही असे डिझेल इंजिनातील तेल उलट संशयास्पद मानावे. रंगाऐवजी थेंबाची परीक्षा अधिक बोलकी असते : तापलेल्या इंजिनातून पट्टीवर आलेल्या तेलाचा एक थेंब टिपकागदावर सोडून कागद काही तास आडवा, खालून अधांतरी ठेवला असता डाग सारखा करडा पसरला तर विसरक शक्ती शाबूत आहे, मध्ये दाट काळा ठिपका आणि भोवती फिकट कडे उमटले तर ती संपत आली आहे, आणि सर्वांत बाहेर पारदर्शक वलय दिसले तर तेलात डिझेल उतरत आहे. पट्टीवरील पातळी आपोआप वाढलेली दिसणे हे बरकतीचे लक्षण नसून डिझेल किंवा पाणी शिरल्याचे आहे, आणि तेल दुधाळ झाले असेल तर गाडी पुढे चालवूच नये.

ऑइल बदलण्याविषयी म्हणतात की एकदा धरलेली कंपनी सोडली तर इंजिन बिघडते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एपीआयच्या, दर्जात बसणारी तेले परस्परांत मिसळण्याजोगी असावी लागतात, त्यामुळे ती फाटत नाहीत. मात्र मिश्रणाचा गुण त्यांतील हलक्या तेलाकडे झुकतो. या समजुतीमागे एक खरा अनुभवही आहे. वर्षानुवर्षे उशिरा ऑइल बदललेल्या इंजिनात चिकट गाळ साचतो, नव्या तेलातील प्रक्षालक द्रव्ये तो सुटा करतात, फिल्टर लवकर तुंबतो आणि गाळाने बुजलेले जुने सील पाझरू लागते. येथे दोष नव्या तेलाचा नसून सीलचा असतो. अशा इंजिनात नवे तेल आणि नवा फिल्टर घालून नेहमीच्या अर्ध्या अंतरावरच दोन्ही पुन्हा बदलावेत. चेंबर डिझेलने किंवा रॉकेलने धुण्याची प्रथा मात्र सोडावी, कारण त्याचा अंश तेलाच्या वाटांत राहून नव्या तेलाला पातळ करतो. सिंथेटिक तेलाने सील गळते हा आरोप आरंभीच्या काळातील मिश्रणांना लागू होता, आजच्या नव्हे. तथापि जे इंजिन ऑइल खाते त्यात महागडे सिंथेटिक ओतणे म्हणजे पैसे धुरावाटे सोडणे होय.

जुन्या गाडीला जुन्याच दर्जाचे तेल लागते, ही समजूतही तपासून पाहावी लागते. एपीआयचा सीआय-४ हा २००२ मधील दर्जा सीएफ-४ व सीएच-४ यांची जागा घेऊ शकतो, आणि २०१६ अखेर आलेला सीके-४ त्यांच्याही पुढचा आहे. त्याच वेळी आलेला एफए-४ मात्र मुद्दाम पातळ ठेवलेला असल्याने जुन्या इंजिनात घालू नये. त्यातच १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६, म्हणजे भारत स्टेज-६, डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत १० इतकी आहे, जी बीएस-३ च्या काळात ३५० होती. म्हणजे गंधकापासून तयार होणाऱ्या आम्लाचा भार आता कितीतरी कमी झाला आहे आणि जादा क्षार असलेल्या जुन्या तेलांचा आग्रह धरण्याचे मुख्य कारणच उरलेले नाही.

ऑइल कधी बदलावे याचा किलोमीटरचा हिशेब सपाट महामार्गावर ठीक चालतो. हर्णैहून आसूदमार्गे भरल्या गाडीने चढ चढणाऱ्या, चिऱ्याच्या खाणीत लाल धुळीत इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद पडून असणाऱ्या ट्रकला तो लागू पडत नाही. दमट हवेत बंद उभ्या इंजिनात बाष्प साचते, म्हणून मुदत कमी धरावी आणि पावसाळा संपल्यावर, अंतर पूर्ण झालेले नसले तरी, ऑइल बदलावे.

काढलेले जळके ऑइल सेंट्रिंगच्या फळ्यांना किंवा वाळवीवर उपाय म्हणून लाकडाला फासण्याची चाल सर्वत्र आहे, परंतु त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि विषारी संयुगे असतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल केवळ अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. ट्रकमालकांनी ते झाकणबंद डब्यात साठवून गॅरेजमार्फत तेथेच पोहोचते करावे.